कडू बोल, पण बोल

सांगली, ता. १९ जानेवारी १९७६

भाऊसो,

धाकट्या भावाला अनेक उत्तम आशीर्वाद लिहायची रीत आहे. ते लिहिले असं समज आणि पुढं वाच.

तुझं संक्रांतीचं कार्ड पोचलं आणि आज ते परतही पाठवलं आहे. मी नाही, नानांनी. लाल शाईच्या खुणा बघून दचकू नकोस. छापखान्यात वाढलास, प्रूफ तपासलेलं तुला ओळखता यायला हवं.

कागद गुळगुळीत आहे, कबूल. हलव्याचे दागिने घातलेली बाई देखणी आहे, तेही कबूल. पण तिच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत काय लिहिलंय? ‘तिलगुल घ्या, गोड बोला.’ तिलगुल! अरे, तू कुणाच्या घरात जन्मलास? संक्रांत आली की आपल्याकडं ळ चे शिशाचे खिळे कमी पडायचे. एका कार्डात दोन ळ, एका वेळी छापायच्या फर्म्यात आठ कार्डं, आणि खिळ्यांच्या केसमध्ये बघावं तर दहा-बाराच्या वर ळ कधीच सापडायचे नाहीत. मग नाना तुला खणभागातल्या छापखान्यात ळ उसने आणायला पाठवायचे, आणि तू चड्डी सावरत रस्ताभर ‘चार ळ द्या, चार ळ द्या’ घोकत जायचास. हे कार्ड छापलं त्या दक्षिणेतल्या छापखान्यात मराठी कळणारं कुणी नसेल, मी समजू शकते. पण साताऱ्यात मोती चौकातल्या तुझ्या दुकानात बसून तू कार्डांचा तो गठ्ठा फोडलास ना? तेव्हा तुझी अक्कल कुठं चरायला गेली होती?

नानांनी भिंग लावलं, दोन्ही ल खोडले, समासात ळ लिहिले, खाली ‘दुरुस्तीसह छापावे’ असा शेरा मारला आणि पाकीट माझ्यापुढं टाकलं. म्हणाले, “त्या सातारकराला धाड.” तुझं नाव ते घेत नाहीत. दिवाळीपासून तू सातारकर झाला आहेस.

दिवाळीत काय झालं ते मी तुमच्या दोघांच्या मधे उभी राहून पाहिलं आहे, तेव्हा तुझी बाजू मला ऐकवू नकोस. गिऱ्हाईक समोर असताना तू म्हणालास, “नाना, ह्या तुमच्या कार्डांस्नी आता कुणी फुकट बी हात लावायचा न्हाई. जग कुटं चाललंय बगा जरा.” नाना म्हणाले, “मग जा जगासंगं. ह्या उंबऱ्यात परत पाय ठिवू नगंस.” आणि तू खरंच ट्रंक उचलून साताऱ्याची एसटी पकडलीस. अरे, घरोघरचे बाप असं बोलतात. घरोघरची पोरं जेवायच्या वेळेला परत येतात.

कुणाचं बरोबर ह्यात मी पडत नाही. दिवाळी ते संक्रांत तू चार ओळी खरडल्या नाहीस, ह्याचा मला राग आहे. आणि शेवटी पाठवलंस ते काय, तर दुसऱ्यानं छापलेलं, आणि तेही चुकीचं. बापाशी बोलायचं नसेल तर भांडायला तरी ये. गोड बोल म्हणून मी सांगत नाही. कडू बोल, पण बोल.

अक्का


सांगली, ता. २८ ऑक्टोबर १९७६

भाऊसो,

भाऊबीजेला पाट मांडला होता. रांगोळी घातली, निरांजन लावलं, आणि पोस्टमननं तुझं कार्ड आणून दिलं. वर इंग्रजीत ‘हॅपी दिवाळी’, आणि चित्रात एका टोपलीत बसलेली विलायती कुत्र्याची दोन पिलं. भाऊबीजेचा आणि कुत्र्याच्या पिलांचा संबंध काय, ह्याचा विचार करत मी त्या पाटासमोर बसून राहिले. ओवाळू कुणाला? डाव्या पिलाला की उजव्या?

आतल्या पानावर तुझ्या हातचं एक अक्षर नाही. सहीच्या जागी तुझ्या दुकानाचा रबरी शिक्का. बहिणीला शिक्का मारून पाठवतोस? मी काय तुझी घाऊक गिऱ्हाईक आहे?

बरं, आता ऐक. तू म्हणालास तसंच होत चाललंय, आणि हे लिहिताना माझा हात जड होतोय. आपल्या कार्डावर वर तीन ओळी आणि खाली सगळी कोरी जागा, ही नानांची पद्धत. लोक आपल्याच बाकावर बसून, आपलीच दौत घेऊन ती जागा भरायचे. कुणाची सून बाळंत झालेली, कुणाच्या उसाला तोड आलेली, सगळं त्या बोटभर जागेत मावायचं. ह्या वर्षी विश्रामबागेकडची कॉलेजची पोरं आली. कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाली, “ह्यात चित्र कुठंय?” बँकेतला एक साहेब आला. म्हणाला, “बाई, आतला मजकूर सगळा छापून मिळेल का? मी खाली फक्त सही करीन.” दिली छापून. तर चार दिवसांनी परत हजर. “सहीपण छापून मिळेल का?” मी म्हटलं, “मिळेल की. आणि वडिलांच्या पाया पडायचं असेल तर तेही सांगा, जाता जाता पडून येते.” पुन्हा आला नाही.

पण मी हातावर हात ठेवून बसले नाही, हे तुला कळावं. गुलाबी कागद आणला. नात्यानात्याची कार्डं काढली: जावयाला, मामाला, नोकरीवरच्या मुलाला. आत सगळा मजकूर. कडेला चमकीसुद्धा लावली. नानांनी चमकी बघितली आणि विचारलं, “बारशाचं हाय का तमाशाचं?” विचारलं, आणि मुकाट्यानं छपाईच्या ट्रेडलवर पाय मारायला बसले. खपली ती. तुझ्या पिलांइतकी नसतील, पण खपली.

बुधगावच्या रंगुबाई आठवतात? त्यांचा मुलगा आता फौजेत आहे, जम्मूकडं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ‘मुलास’ हे कार्ड मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “समदं बरुबर लिवलंय बग, बाय. म्या जे सांगनार हुते त्येच. पर म्हस व्याली, त्ये न्हाई की ह्यात.” म्हैस व्याल्याचं मी खाली हातानं लिहून दिलं. बघ, अजून एक गिऱ्हाईक आहे ज्याला कोरी जागा लागते.

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. बारीक अक्षर दिसत नाही, मोठं दिसतं, तेही भिंगातून. डॉक्टर मिरजेला चला म्हणतात, नाना म्हणतात, “बघू.” हे ‘बघू’ कुणासाठी अडलंय ते तुला सांगायला नको. दवाखान्यात सोबत मुलगा लागतो, मुलगी चालत नाही, असं त्यांच्या डोक्यात आहे. मला ह्याचाही राग येतो, पण तो त्यांच्यावरचा, तो मी त्यांनाच सांगेन.

ह्या धंद्यात तुझ्यासारखं डोकं नानांना नाही आणि मलाही नाही. वर्षभर आधी तुला दिसलं ते आम्हांला आत्ता दिसतंय. आणि ते डोकं तिकडं कुत्र्याची पिलं विकत बसलंय. ये, आणि हेच नानांच्या तोंडावर सांग. ह्या वेळी गिऱ्हाईक नसताना सांग, एवढंच.

अक्का


सांगली, ता. ४ जुलै १९७७

भाऊसो,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हातचं अक्षर. मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग माझ्या पायाची आग मस्तकात गेली.

‘अक्का, तुझी सगळी पत्रं मिळाली. फार छान लिहितेस. अक्षर अजून तसंच आहे, मोकळं. असंच लिहीत जा. नानांनी बोलावल्याशिवाय मी येणार नाही.’

छान लिहितेस? मी काय शाळेचा निबंध पाठवला होता? मी तुला शिव्या दिल्यात, भाऊसो. त्या वाचून एक तर लाज वाटायला पाहिजे, नाहीतर राग यायला पाहिजे. छान कसलं वाटतं तुला? आग लागलीय म्हणून ओरडणाऱ्या माणसाला कुणी ‘गळा गोड आहे हो’ म्हणतं का?

आणि बोलावण्याचं म्हणशील तर ऐक. मार्चमध्ये निवडणूक होती, तेव्हा पत्रकं छापून आमचं भागलं. त्यानंतर ट्रेडल जवळजवळ बंद आहे. नाना सकाळी येतात, धुतलेले खिळे पुन्हा धुतात, केसमध्ये टाकतात, आणि दारात येणाऱ्या प्रत्येक सावलीकडं मान वळवतात. सावली कुणाची ते त्यांना दिसत नाही, म्हणून विचारतात, “कोन हाय?” पेपरवाला असतो, नाहीतर शेजारचा मौला कागद कापायचा का विचारायला आलेला असतो. मौला एकदा म्हणाला, “नानासो, भाऊसोला बोलवा की आता.” नाना म्हणाले, “दार उगडंच हाय. त्येनं यावं.” मौला म्हणाला, “पर तुमीच म्हनला हुता न्हवं, पाय ठिवू नगंस म्हनून?” नाना म्हणाले, “म्हनलं हुतं. बाप हाय म्या. म्हननारच.”

म्हणजे ते म्हणतात त्यानं यावं, तू म्हणतोस त्यांनी बोलवावं. दोघांनी आपापली मिशी सांभाळा. मधल्या उंबऱ्यावर ठोकलेली घोड्याची नाल मी, येणाऱ्याजाणाऱ्यानं पाय देऊन जावं.

आटपाडीहून मी सासर सोडून परत आले तेव्हा नानांनी मला एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी हातात खिळे जुळवायची स्टिक दिली आणि म्हणाले, “जुळवायला शीक.” अख्खी गल्ली बोलत होती, हा एक माणूस गप्प होता. त्यांचं ते गप्प बसणं मला तारून गेलं. म्हणून तुमच्या ह्या गप्प बसण्याची मला जास्तच चीड येते. तेच औषध आता विष होऊन बसलंय.

असंच लिहीत जा म्हणालास. नाही लिहिणार. ह्याच्यापुढं एक ओळ नाही.

अक्का


सांगली, ता. ६ जानेवारी १९७८

चोरा,

एक ओळ लिहिणार नव्हते. पण आज लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

आज रंगुबाई आल्या. चेहरा उजळलेला. वाईला त्यांची धाकटी बहीण असते, हौसा. आईच्या पाटल्यांवरून दोघींचं फाटलं होतं, कित्येक वर्षं जाणंयेणं नाही. त्या हौसाचं पत्र आलं होतं. वाचून घ्यायला माझ्याकडं आल्या. “सही न्हाई काय न्हाई, पर पाकिटावर वाईचा शिक्का हाय म्हनं, म्हंजी तिचंच,” म्हणाल्या.

मी घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. “गोड बोल म्हणून मी सांगत नाही. कडू बोल, पण बोल.”

रंगुबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मी त्या कागदाकडं बघत राहिले. जाड, साय रंगाचा, एकदाच दुमडलेला कागद, चित्र नाही, चमकी नाही. निळी शाई. आणि अक्षर माझं.

माझं, भाऊसो! ‘कडू’मधला तो लांब पाय ओढलेला ऊकार, ज्यावरून मास्तरीण मला छडी मारायची, तो माझा. ‘बोल’च्या ल ला मी गाठ मारत नाही, ती मारलेली नाही. मला वाटलं मला भास होतोय. वाईच्या हौसाला मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मग कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तुझ्या दुकानाचं नाव दिसलं. तेव्हा कळलं.

माझ्या पत्राचा फोटो काढलास. खिळ्यांशिवाय, ऑफसेटवर छापलंस. माझा राग तू पाकिटात घालून मोती चौकात दोरीवर टांगलास!

रंगुबाई काय म्हणाल्या माहीत आहे? “हौसीला अक्षर कुटलं आलंय? कुनाकडनं तरी लिवून घेतलं आसंल. पर लिवलंय खरं, बाय. काळजातनं लिवलंय.” कुणाच्या काळजातून, ते मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार? उद्याच वाईला जायला निघाल्यात. जाताना म्हणाल्या, “ह्ये तुज्याकडं ऱ्हाऊ दे नमुन्याला. आसलंच एक मला बी पायजे, ल्योकाला धाडायला. चार म्हैनं झालं, त्येचं पत्तर न्हाई.”

माझ्याकडं माझ्याच अक्षराचा नमुना ठेवून गेल्या. आता मी काय करू? खिळे जुळवून माझं अक्षर छापू?

मी तुला काय विचारलं होतं, आणि तू त्याचं काय केलंस? मी तुला म्हटलं, बोल. तुला. एकट्याला. तू ते साऱ्या साताऱ्याला बोलून दाखवलंस, आणि मला एक शब्द नाही. किती जणांना विकलंस? नको, सांगू नकोस. मला आकडा नको, मला उत्तर पाहिजे.

अक्का


सांगली, ता. ११ जानेवारी १९७८

भाऊसो,

म्हणजे तुला लिहिता येतं तर! चार पानं. धंद्याचा विषय निघाला की शाई उतू जाते तुझी.

तुझं म्हणणं मी नीट वाचलं. चित्रांच्या कार्डांना लोक आता विटले, गल्लोगल्ली तीच पिलं आणि तेच गुलाब. लोकांना छापलेलं दिसायला नको, हातानं लिहिलेलं पाहिजे. पण हातानं लिहायला मात्र नको. कार्डाखाली आता कुणी ओळसुद्धा लिहीत नाही, सहीसुद्धा करत नाही. म्हणून तू ते काढलंस. दुकानात बायका हे कार्ड हातात घेतात आणि उभ्या उभ्या डोळे पुसतात, कुणी दोन नेतात, कुणी चार. पोस्टातला कारकूनसुद्धा एक घेऊन गेला, बायको माहेरी जाऊन बसलीय म्हणून. आणि शेवटी तू लिहितोस, ‘अक्का, ह्या धर्तीची आणखी पाच-सहा लिहून पाठव ना. मुद्दाम लिहू नकोस, रागात असशील तेव्हाच लिही, ते जास्त चांगलं उतरतं. पुढच्या कार्डांवर तुझं नाव घालीन.’

वा रे गड्या. म्हैस दूध देते म्हणून तिला रोज चिडवायचं, असा हिशेब दिसतो. मला आता शंका येतेय की माझ्या पत्रांना तू इतके दिवस उत्तर का दिलं नाहीस. उत्तर दिलं असतंस तर माझा राग उतरला असता, आणि माल बंद झाला असता. खरं की नाही ते तुझं तुला ठाऊक.

तुझी कल्पना चांगली आहे. हे मी दात-ओठ खाऊन लिहितेय, पण खोटं लिहायची मला सवय नाही. कागद चांगला निवडलास. चित्र टाकलं नाहीस, त्याला धाडस लागतं. त्या दोन ओळींभोवती एवढी कोरी जागा सोडलीस, ती नानांची शिकवण आहे, तू कबूल कर किंवा करू नकोस. मला विचारलं असतंस तर मी हजार शिव्या देऊन हो म्हटलं असतं. विचारायला मात्र तोंड उघडावं लागतं.

नाव घालू नकोस. माझं नाव घातलंस तर साताऱ्याला येऊन दुकानासमोर उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगेन, की हा माणूस स्वतःच्या बापाशी बोलत नाही आणि तुम्हांला बोलायची कार्डं विकतो.

नानांनी बोलवावं म्हणतोस. ते बोलवणार नाहीत. त्यांच्या तोंडून ‘ये’ हा शब्द निघणार नाही, हे मी तुला लिहून देते. हवं तर ह्याचाही फोटो काढ.

अक्का


सांगली, ता. १३ जानेवारी १९७८

भाऊसो,

हे पत्र आणि एक पाकीट तुला बहुतेक एकाच टपालानं मिळेल. हे आधी फोडलं असशील तर पाकीट बाजूला ठेव. पाकीट आधी फोडलं असशील तर तू आत्ता हसत असशील. हसू थांबव आणि वाच.

पाकिटात तुझंच कार्ड आहे, रंगुबाईंनी नमुना म्हणून ठेवलेलं. नानांनी ते विकत आणलं, तुला टोमणा मारायला पाठवलं, असं समजू नकोस. ते कार्ड आहे हेच नानांना माहीत नाही.

काल मी ते टेबलावर वजनाखाली ठेवून भाजी आणायला गेले होते. परत आले तर नाना खिडकीशी उभे, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात तो कागद. तुझ्या दुकानाचं ते मुंगीएवढं नाव त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. माझं अक्षर मात्र दिसलं. मग त्यांनी काय केलं असेल ते तू सांग, तूही तेच शिकलास. कागद पालथा केला आणि मागून अंगठा फिरवला. छापलेलं असेल तर खिळ्यांचा दाब मागं उमटतो, अंगठ्याला खडबड लागते. डोळे गेले तरी नानांचा अंगठा शाबूत आहे, तो कधी चुकत नाही. पण तुझ्या त्या ऑफसेटला दाब कुठला? कागद मागून सपाट. नानांनी दोनदा अंगठा फिरवला आणि त्यांची खात्री पटली, की हे छापलेलं नाही, अंजनीनं हातानं लिहिलंय.

मला म्हणाले, “अंजने, ह्ये त्येला लिवलंयस?”

मी म्हटलं, “व्हय.”

“मग धाडलं का न्हाईस? माज्या भ्यानं?”

आता बघ. मी तोंड उघडलं होतं. सांगणार होते, की नाना, हे छापील आहे, असली कार्डं साताऱ्यात कुणीही विकत घेतं, तुमच्या सातारकरानं माझं पत्र चोरून हा धंदा मांडलाय. सगळं खरं होतं, आणि सांगायचा मला हक्क होता. तुझ्यावर इतकी पेटलेली होते, की सांगून मोकळी झाले असते. पण नानांचा चेहरा बघितला. मी असं काही लिहून लपवून ठेवलं आणि कारण ते स्वतः, हे त्यांच्या चांगलंच जिव्हारी लागलं होतं. मी तोंड मिटलं. मी! गल्लीत विचार, कुणाचा विश्वास बसणार नाही.

नाना बाकावर बसले, गिऱ्हाइकं बसायची तिथं. दौत मागितली. कागद मांडीवर घेतला आणि माझ्या ओळींच्या खाली, तू सोडलेल्या कोऱ्या जागेत लिहायला लागले. लिहिलेलं दिसत नाही, त्यामुळं ओळ तिरकी गेलीय, खाली खाली उतरत गेलीय. तेवढ्याला कितीतरी वेळ लागला. मी खांद्यावरून वाचलं.

‘मी चुकलो नाही. तरी ये. नाना.’

पत्ता मला विचारला आणि पाकिटावर स्वतःच लिहिला. मी म्हटलं, द्या, मी टाकते पोस्टात. म्हणाले, “नगं. तुज्या पिशवीत पडून ऱ्हाईल.” काठी घेऊन स्वतः गेले. मी दारातून बघत होते. पेटीचं तोंड त्यांनी हातानं चाचपून शोधलं, पाकीट आत टाकलं, आणि पडलं की नाही हे बघायला पुन्हा हात घातला.

बोलावणार नाहीत असं मी तुला परवाच लिहून दिलं होतं. ते फाडून टाक.

आता माझं ऐक. तुझ्या गठ्ठ्यात जेवढी कार्डं असतील त्यांत हे एकच असं आहे ज्याच्या खाली कुणीतरी काहीतरी लिहिलंय. नानांना काही सांगायचं नाही. त्यांनी विचारलं तर म्हणायचं, अक्कानं लिहिलं होतं. ते खोटं नाही, मी तुलाच लिहिलं होतं. नानांची ओळ कॅमेऱ्याखाली गेली तर तंगडं मोडून हातात देईन. आणि येताना त्या कार्डांतलं एक घेऊन ये, रंगुबाईंचं त्यांना परत द्यायचं आहे.

मिरजेच्या डॉक्टरांकडं बुधवारी जायचं आहे. मी नाव घालून आले, नानांना सांगितलेलं नाही. मंगळवारच्या गाडीनं नीघ. स्टँडवर कुणी घ्यायला येणार नाही, रस्ता तुला माहीत आहे. दार उघडंच असतं. नाना आतून “कोन हाय?” विचारतील, त्यांना दिसत नाही. त्या वेळी उंबऱ्यात मुक्यासारखा उभा राहू नकोस, नाव सांग.

मला तुझा राग आहेच. तो मी इथं लिहीत नाही. तू आलास की समोर बसवून तोंडी सांगेन. लिहून तुझ्या हातात काही द्यायचं, हे माझं बंद.

अक्का